‘काढा’ नावाचं बटण

माझा माणसांवर विश्वास आहे, त्यांच्या बोटांवर नाही. स्वतःच्या बोटावर तर मुळीच नाही. दाराला कुलूप लावून जिना उतरलो की मी पुन्हा वर जातो आणि कुलूप ओढून बघतो. शेगडी बंद केलीय असं बायकोनं सांगितलं तरी स्वयंपाकघरात एक चक्कर टाकून येतो. बायको म्हणते, "सटवाईनं तुमच्या कपाळावर एकच शब्द लिहिलाय, संशय. तोही तुम्ही तिच्याकडून दोनदा तपासून घेतला असेल." यात खोटं काही नाही.

घरात ही खोड, पण धंद्यात याच खोडीवर माझं पोट भरलं. मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली. सॉफ्टवेअरवाला म्हटलं की लोकांना वाटतं, हा रोज काहीतरी नवीन शोधून काढत असणार. माझ्याकडं मात्र जन्मभर एकच प्रश्न होता. माणसानं चुकून काही पुसलं तर काय? ते ‘डिलीट’चं बटण कुठं ठेवायचं, त्यावर काय लिहायचं, दाबल्यावर काय विचारायचं आणि पस्तावलेल्या माणसाला त्याची वस्तू परत कशी द्यायची, एवढंच माझं काम.

आमचं ऑफिस गारखेड्यात, पिठाच्या गिरणीच्या वर, तीन खोल्यांचं. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरायची आणि संध्याकाळपर्यंत कीबोर्डवर ज्वारीचं पीठ बसायचं. मी लागलो तेव्हा मागच्या खिडकीतून खरोखरची ज्वारी दिसायची. निवृत्त झालो तेव्हा त्याच खिडकीतून तीन अपार्टमेंट आणि एक मंगल कार्यालय दिसत होतं. तेव्हाचं औरंगाबाद, आताचं संभाजीनगर, आमच्या खिडकीतच वाढलं म्हणा ना.

या धंद्याबाहेरच्या माणसासाठी थोडं सांगतो. तुम्ही फाईल पुसता तेव्हा संगणक बहुतेक वेळा फक्त दारावरची पाटी काढतो. घर तसंच राहतं, दुसरा भाडेकरू येईपर्यंत. म्हणून लगेच धावाधाव केली तर सामान सापडतं. उशीर झाला तर नवा भाडेकरू भिंतींना रंगसुद्धा देऊन बसलेला असतो. आमचं काम हे की पाटी काढण्याआधी माणसाला सावध करायचं आणि काढल्यावरही घर काही दिवस रिकामं ठेवायचं.

सावध करायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मध्येच एक चौकट उघडते ती. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ हा उपाय फुकटचा आहे आणि त्याच लायकीचाही. मी वापरणाऱ्यांच्या पाठीमागं स्टूल टाकून तासन् तास बसलोय. चौकट पूर्ण उघडायच्या आत हात ‘हो’वर गेलेला असतो. देवळात शिरताना आपण चपला काढतो, तेव्हा पायाकडं कुठं बघतो? एका निवृत्त मास्तरांनी तर मला झापलं होतं. "खात्री आहे म्हणून तर दाबलं ना? पुन्हा विचारता, म्हणजे मी खोटं बोलतोय?" तेव्हापासून मी त्या चौकटीवर भरवसा ठेवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. सांगायचो.

दुसरा उपाय टोपलीचा. पुसलेलं लगेच फेकायचं नाही, तीस दिवस टोपलीत ठेवायचं. हा उपाय मी पहिल्यांदा पुंडलिकनगरातल्या एका काकूंना विकला. त्या वधू-वर सूचक मंडळ चालवायच्या. लग्न जमलं की मुलीची माहिती यादीतून कमी करायची. काकूंनी टोपली बघितली आणि हसल्या.

"तीस दिवस? अहो, साखरपुडा ते लग्न यात चार-चार महिने जातात. आणि मोडायचं ते याच काळात मोडतं. टोपली रिकामी व्हायची ती अक्षता पडल्यावर. त्याआधी नाही."

आम्ही तसं करून दिलं. पुढं एका मुलीच्या वडिलांना हे कळलं. ते तावातावानं आले. "म्हणजे आमचं मोडणार असं धरूनच चाललाय तुम्ही?" काकू म्हणाल्या, "तुमचं नाही हो. माझा मुलाकडच्यांवर भरवसा नाही." गृहस्थ शांत झाले आणि जाता जाता हळूच विचारून गेले, "टोपलीतलं नक्की राहतं ना?" वस्तू गेली असेल ही एक भीती आणि गेली नसेल ही दुसरी. दोन्ही एकाच माणसाच्या पोटात सुखानं नांदतात, हे मी त्या दिवशी शिकलो.

तिसरा उपाय माझ्या वडिलांनी सांगितला होता, तो मी ऐकला नाही. आमच्याकडं आजोबांपर्यंत भिक्षुकी, मग वडील सरकारी कचेरीत रेकॉर्डकीपर. निजामाच्या काळापासूनचे कागदांचे बस्ते त्यांच्या ताब्यात, मोडीतले आणि उर्दूतलेही. टोपलीचं कौतुक मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "टोपली कशाला? रेघ मार की. आमच्यात खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. म्हणजे कुणी खोडलं आणि काय खोडलं, दोन्ही राहतं." मी हसलो. म्हातारा माणूस, संगणकाला काय समजतो, असं मनात म्हणालो.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला. शहरात आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येत होतं. घाटाकडच्या गावांत विहिरींचे तळ दिसू लागले. त्याच उन्हाळ्यात तिकडच्या एका तालुक्याच्या कचेरीचं काम आम्हाला मिळालं. तालुक्याचं नाव सांगत नाही. काम टँकरच्या यादीचं होतं. कुठलं गाव, कुठली वस्ती, किती घरं, रोज किती फेऱ्या. रोज संध्याकाळी त्या यादीवरून दुसऱ्या दिवशीचा हुकूम छापायचा आणि टँकरच्या ड्रायव्हरांना चिठ्ठ्या द्यायच्या. चिठ्ठीत नाव असेल तिथं टँकर जाणार, नसेल तिथं नाही.

तोवर आम्ही बटणावर बिनदिक्कत ‘डिलीट’ लिहायचो आणि ते शेंबड्या पोरालाही कळायचं. या कामात मात्र अट होती, पडद्यावरचा शब्द न् शब्द मराठी पाहिजे. मला स्फुरणच चढलं. घरात चार पिढ्यांची पोथी, भाषेचा अभिमान काय विचारता! देशपांडे मॅडम आमच्यात ज्येष्ठ, त्यांनी ‘वगळा’ सुचवलं. मी म्हणालो, हे परिपत्रकासारखं वाटतं. कुणी ‘हटवा’ म्हणालं, तर तो हिंदीचा पाहुणा. ‘नष्ट करा’ हा शाप झाला. ‘पुसा’ म्हणजे पाटी-पेन्सिल. मग मी माझा शब्द टेबलावर ठेवला. काढा. दोन अक्षरं, बटणात बसतात. पायातला काटा काढतो, शेतातलं तण काढतो, तशी नोंद काढायची. देशपांडे मॅडम म्हणाल्या, "काढा म्हणजे सर्दीवरचा का?" सगळे हसले, मीही हसलो. ज्या शब्दाला दुसरा अर्थ निघतो त्याला तिसराही असू शकतो, हा संशय त्या दिवशी नेमका मला आला नाही.

कचेरीत हे सॉफ्टवेअर चालवायला एक बाई होत्या, शोभा गव्हाणे. वय तिशीच्या आतबाहेर, दोन मुलं, नोकरी कंत्राटी. माहेर भोकरदऱ्याचं, सासर तालुक्याच्याच गावात. मी दोन दिवस शिकवायला गेलो तेव्हा त्यांनी माझं वाक्य न् वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं. एक वस्ती कमी झाली तर तिच्या फेऱ्या यादीतल्या पुढच्या गावाला आपोआप जातात, हेही त्यांनी लिहून घेतलं. मला आठवतंय, कारण ते मी नंतर त्यांच्याविरुद्ध वापरलं.

तीन महिन्यांनी कचेरीतून फोन आला. बोरमाळ नावाची चाळीसेक घरांची वस्ती यादीतून नाहीशी झाली होती. आठ दिवस तिथं टँकर गेला नव्हता. पहिले दोन दिवस लोकांना वाटलं, गाडी बिघडली असेल. तिसऱ्या दिवशी काहीजण जीप करून कचेरीत आले, तर त्यांना सांगितलं, संगणकात बोरमाळ नाही. आठव्या दिवशी खोऱ्यातल्या विहिरीत उतरताना कडूबाई नावाच्या बाईचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. मग आरडाओरडा झाला. आणि बोरमाळच्या फेऱ्या गेल्या कुठं, तर भोकरदऱ्याला. शोभाताईंच्या माहेरी.

मी एसटीनं गेलो. आधी जुन्या प्रतीतून बोरमाळ परत आणली. वस्तीवरचे दगडूअण्णा, साठीचे गृहस्थ, व्हरांड्यात बसून होते. ते आत आले आणि म्हणाले, "दाखवा आमचं गाव." मी दाखवलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हितं हाय व्हय आमी? मंग आठ दिस कुठं व्हतो?"

मग ते हळू आवाजात म्हणाले, "ती बाई भोकरदऱ्याची हाय. पाणी माहेराला वळवलं तिनं. तुमी शिकलेले लोक, तुमी हुडका."

हुडकायला वेळ लागला नाही. कुणी कधी कुठलं बटण दाबलं याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं. दुपारी बाराच्या सुमारास, शोभा गव्हाणे, बोरमाळ, ‘काढा’. चौकटीनं विचारलं, त्यावर ‘हो’. सगळं लखलखीत होतं. कचेरीतल्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं. शोभाताई डब्याची पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

"बोरमाळ तुम्ही काढली?" साहेबांनी विचारलं.

"व्हय साहेब. मीच काढली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"तुमीच म्हनला की. त्यांची पानी पुरत नाय म्हनून तक्रार आली व्हती, तवा तुमी म्हनला, बोरमाळची यादी काढा."

साहेब खुर्चीत ताठ झाले. "मी असं काही म्हणालो नाही. काहीच म्हणालो नाही." मग ते खिडकीकडं बघू लागले. हे मी बघितलं आणि सोडून दिलं. सगळ्या जगावर संशय घेणारा मी, साहेबांच्या त्या वळलेल्या मानेवर मात्र घेतला नाही.

मी विचारलं, "शोभाताई, चौकटीनं तुम्हाला विचारलं होतं ना, काढायची का म्हणून?"

"व्हय."

"तुम्ही हो म्हणालात?"

"काढायचीच व्हती तर हो म्हननार नाय तर काय, सर?"

"मग पुढं?"

"पुढं काय? काढली आहे म्हनून आलं. माझ्या टेबलाचा प्रिंटर तर बंदच व्हता, लई दिसांपासून, संध्याकाळचा हुकूम साहेबांच्या खोलीत छापत्यात. मी म्हनलं, चालू झाला की येईल कागद."

प्रिंटरचं काय मध्येच, असं मला वाटलं. सारवासारव असणार. इतकी सरळ कबुली मला आजवर कुणी दिली नव्हती, आणि सरळपणाचा मला कायम संशय येतो. साहेब म्हणाले, "फेऱ्या नेमक्या भोकरदऱ्यालाच गेल्या, हा योगायोग म्हणायचा?" मी खरं ते सांगितलं. यादी अकारविल्हे आहे, बोरमाळनंतर भोकरदरा येतं, फेऱ्या तिकडं आपोआप जातात. आणि मग त्याला जोडून म्हणालो, "पण हा नियम बाईंना माहीत होता. मीच शिकवलाय."

शोभाताईंनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी काय बोललो ते त्यांना कळलंच नव्हतं, असं आता वाटतं.

संध्याकाळी मी कंपनीच्या कागदावर अहवाल लिहून दिला. सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही. वापरकर्तीनं स्पष्ट विचारणा होऊनही जाणीवपूर्वक नोंद काढली. ‘जाणीवपूर्वक’ हा शब्द लिहून झाल्यावर मी तो एकदा वाचून बघितला, आणि मला तो आवडला. आठवड्याभरात त्यांचं कंत्राट संपवलं गेलं.

त्यानंतर महिना गेला असेल. लाईटबिलाची झेरॉक्स काढायला मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. बिल पुढं केलं.

"कितीक काढू, काका?" दुकानदारानं विचारलं.

"काय काढू?"

"झेरॉक्स हो. कितीक काढू?"

त्याच्या डोक्यावर पाटी होती. ती मी रोज जाता-येता बघत होतो. ‘येथे सातबारा, उतारे व सर्व दाखले काढून मिळतील.’ मी पाटी वाचली. पुन्हा वाचली. फोटो काढतात, तिकीट काढतात, प्रिंट काढतात. यादी काढतात. मग माझ्याच हातानं लिहिलेला एकेक संदेश डोळ्यासमोर आला. बटण, ‘काढा’. चौकट, ‘निवडलेली यादी काढायची आहे का?’ शेवटी, ‘यादी काढली आहे.’ आणि नीटनेटकेपणाच्या हौसेपायी मी लगेच पहिलं पान उघडायची सोय केली होती, त्यामुळं ओळ नाहीशी झालेली बाईंना दिसलीही नसणार. साहेबांनी कागद मागितला होता. बाईंनी कागद मागितला. माझ्या सॉफ्टवेअरनं वस्ती पुसली आणि शुद्ध मराठीत सांगितलं की काम झालं.

दुकानदार म्हणाला, "काका, बसता का? घाम आलाय तुम्हाला."

मी ऑफिसला गेलो आणि अहवाल चुकला असल्याचं पत्र लिहिलं. ते मालकांकडं दिलं. मालक वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. "चूक आपली ठरली तर पुढचं सगळं काम गेलं. दहा घरं आहेत आपल्या पगारावर. बटण बदल, पत्र राहू दे. बाई कंत्राटी होती, लागेल कुठं तरी." त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. त्या आवाजानं मला बरं वाटलं. लाज वाटते, पण बरं वाटलं. मी ते पत्र परत कधी मागितलं नाही.

बटण मात्र बदललं, आणि तेव्हा कुठं मला वडील ऐकू आले. आता नोंद नाहीशी होतच नव्हती. ‘रद्द’ दाबलं की तिच्यावर आडवी रेघ यायची, खालचं वाचता यायचं, बाजूला कुणी आणि कधी ते. पुन्हा दाबलं की रेघ जायची. कागदासाठी वेगळं बटण, ‘छापा’. रद्द झालेली वस्ती हुकुमाच्या वर लाल अक्षरांत यायची, म्हणजे ड्रायव्हरसुद्धा विचारील, ही कामून रद्द? या रेघेचं कौतुक झालं. दुसऱ्या कचेऱ्यांनी ती मागितली. दोन कॉलेजांनी मला तिच्यावर बोलायला बोलावलं. बोरमाळचं नाव मी तिथं घेतलं नाही. बदल पाठवताना सोबतच्या कागदावर मी लिहिलं होतं, ‘किरकोळ सुधारणा’.

यंदाच्या उन्हाळ्यात पेन्शनसाठी हयातीचा दाखला हवा होता. मुलानं शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेतलाय, मी तिकडं राहायला गेलो होतो. तिथं रस्ते नंतर झाले, टँकर आधी आले. कोपऱ्यावर एका गाळ्यात दाखल्यांचं दुकान होतं. आत पन्नाशीकडं झुकलेल्या बाई. मी यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्रानं नाकारला. पुन्हा ठेवला. पुन्हा नाकारला.

"तुमी जिवंत हाव याची त्याला खात्री पटंना," बाई म्हणाल्या. "पुसून ठेवा."

अंगठा पुसता पुसता माझं लक्ष कीबोर्डवर गेलं. एका जागी खड्डा होता. जुनी सवय, मी विचारलं, "इथलं डिलीटचं बटण कुठं गेलं?"

"मीच काढून टाकलंय." त्यांनी मान वर केली. "चष्मा बदलला, सर, तुमी."

मग मी ओळखलं. शोभाताई. त्यांनी मला दारातच ओळखलं असणार.

"बरं चाललंय का?" मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"चाललंय. तुमची आठवण काढतो आमी घरात. दर उन्हाळ्यात."

त्यांचा चेहरा जसाच्या तसा होता. कुठल्या अर्थानं आठवण काढतात ते मला कळेना, आणि विचारायचं धाडस होईना. शेवटी मी म्हणालो, "शोभाताई, तो शब्द माझा होता. काढा. चूक तुमची नव्हती."

"ठाऊक हाय."

"केव्हापासून?"

"त्याच पावसाळ्यापासून. माझ्या जागी जी आली ती माझ्या मावसबहिनीची जाऊ. ती म्हनली, काढा गेलं, आता रद्द आन् छापा अशी दोन बटनं आल्यात. तवा मला उमगलं, मी काय दाबलं व्हतं ते. आन् हेबी उमगलं की सरांना कळलंय. नाय तर बदललं कामून असतं? मी म्हनलं, आता येतील सर. नाय तर एक फोन तरी करतील."

मी अंगठा अजून पुसतच होतो.

"बाजारात बोरमाळच्या बाया तोंड फिरवायच्या. कडूबाई तर आमच्याच नात्यातली. सासू म्हनायची, माहेरासाठी हिनं दुसऱ्याच्या तोंडचं पानी पळवलं. दोन वर्सं सोसलं, मंग हिकडं आलो. ह्यांनी पानपट्टी टाकली, मी हे." त्यांनी ड्रॉवर उघडला आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातून एक कागद बाहेर काढला. माझा अहवाल. घड्या पडून झिजला होता. "काढून टाकताना ह्याची एक परत दिली व्हती मला. ह्या शब्दाचा अर्थ मी पोराच्या शाळेत मास्तरांना विचारला." त्यांचं बोट ‘जाणीवपूर्वक’वर होतं.

मी खिशातून पेन काढलं. त्या शब्दावर एक आडवी रेघ मारली, बाजूला सही केली आणि तारीख टाकली. शोभाताईंनी कागद उजेडाकडं धरला.

"खालचं वाचता येतंय की, सर."

"ते यायलाच पाहिजे. कुणी काय लिहिलं होतं ते राहिलं पाहिजे."

त्यांनी तो पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "हा कागद सगळ्या कचेरीत फिरला व्हता. शिपायापासून समद्यांनी वाचला. तुमची ही रेघ कोन बघनार? मी आन् तुमी."

त्यांनी कागद पाकिटात ठेवला, पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. त्यांचा ड्रॉवर लागला तेव्हा मला बरं वाटलं नाही. तिसऱ्या अंगठ्याला यंत्रानं मला जिवंत मानलं. दाखला हातात देताना त्या म्हणाल्या, "नाव तपासून घ्या. दोनदा तपासा."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी नोकरीतल्या गमतीजमती मागितल्या होत्या. काकूंची टोपली आहे, मास्तरांचा राग आहे, तेवढ्यावर लेख झाला असता. पण हा अंक घाटाकडच्या त्या तालुक्यातही जातो आणि तिथल्या वाचनालयात फाटेपर्यंत फिरतो, हे मला ठाऊक आहे. कचेरीतले तेव्हाचे लोक आता निवृत्त झाले असतील, त्यांना दुपारी वाचायला वेळ असेल. बोरमाळची पोरं आता शिकलेली आहेत, ती दगडूअण्णांना आणि कडूबाईंना वाचून दाखवतील. म्हणून शोभाताईंचं नाव, त्यांना विचारून, पूर्ण लिहिलं आहे. शोभा गव्हाणे यांनी त्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून बोरमाळची यादी काढली. पुसली मी.